शाळेत येणारं व्यक्तिमत्त्व चाचणीचं पॅकेज: नववी-दहावीसाठी घ्यावं का?

तालुक्याच्या गावातल्या शाळांना विकलं जाणारं 'व्यक्तिमत्त्व आणि करिअर चाचणी'चं पॅकेज साधारण चार भागांचं असतं: प्रश्नपुस्तिका, गोल काळे करायची उत्तरपत्रिका किंवा मोबाइलवरची लिंक, दर मुलामागे एक रंगीत अहवाल आणि शेवटी 'तज्ज्ञांचं समुपदेशन'. कंपन्या वेगळ्या, मुखपृष्ठावरचं हसरं पोरगं वेगळं, आतला माल बराचसा सारखा. म्हणून इथे कोणा एका कंपनीचं नाव न घेता पॅकेजचा एकेक भाग तपासला आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते विदर्भातल्या खेड्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, कारण चेकवर सही त्यांची असते.

निकाल आधीच सांगतो. पुस्तिका दुरुस्त करून चालेल. अहवालाची पहिली दोन-तीन पानं जाणकारानं वाचून दाखवली तर उपयोगाची आहेत. 'तुमच्यासाठी योग्य करिअर' हे शेवटचं पान मुलाच्या हातात पडू देऊ नका. आणि पैसे द्यायचेच असतील तर समुपदेशनाच्या तासांचे द्या, छपाईचे नको.

आधी हे पाहू की व्यक्तिमत्त्व चाचणी मोजते तरी काय. यातल्या बऱ्या चाचण्या बिग फाइव्ह नावाच्या पाच गुणांवर उभ्या असतात: नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा, शिस्त-चिकाटी, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक स्थैर्य. यातली शिस्त-चिकाटी परीक्षेतल्या गुणांशी बऱ्यापैकी जोडलेली असते, हे पुष्कळ देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ही चाचणी मूल अभ्यास कसा करेल, गटात कसं वागेल, ताण आला की काय करेल यावर थोडंफार बोलू शकते. विज्ञान घ्यावं की कला, आयटीआयला जावं की पॉलिटेक्निकला, हा प्रश्न तिच्या आवाक्यातला नाही. त्यासाठी आवड मोजणारी चाचणी वेगळी आणि क्षमता मोजणारी चाचणी वेगळी. तिन्ही एकत्र ठेवल्या, त्यात शाळेतले गुण, घरची परिस्थिती आणि जवळ कुठे काय शिकायला मिळतं हे घातलं, की मग बोलण्याजोगं काही हाती येतं. एकट्या व्यक्तिमत्त्व चाचणीवर शाखा ठरवून देणारं पॅकेज मुळातच चुकीच्या कामाला लावलेलं असतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण फसवणूक म्हणा की गैरसमज म्हणा, तो तिथेच होतो.

अहवालात गुण बहुधा १ ते १० अशा स्टेन पट्टीवर दिलेले असतात. या पट्टीची सरासरी ५.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप, २ असतं. त्यामुळे १०० पैकी ६८ मुलं ४ ते ७ याच घरांत बसतात. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तीच चाचणी पुन्हा घेतली तर निकाल कितपत तसाच येतो याचं ० ते १ मधलं माप, ०.७५ असेल, आणि शाळकरी वयासाठी ती वाईट म्हणता येणार नाही, तर मापनातली प्रमाण चूक बरोबर १ स्टेन निघते: २ गुणिले १ वजा ०.७५ चं वर्गमूळ. मतलब असा की ६ मिळालेल्या मुलाचा खरा आकडा ५ ते ७ मध्ये कुठेही असू शकतो, आणि तीनातल्या एका मुलाचा तर त्याच्याही बाहेर. दोन गुणांची आपसात तुलना करायची तर चूक आणखी वाढते. दोन गुणांमध्ये जवळपास ३ स्टेनचा फरक दिसल्याशिवाय 'हा गुण त्यापेक्षा जास्त आहे' असं खात्रीनं म्हणता येत नाही. ज्या काट्यात दहा किलोचा फरक पडतो त्यावर दोन किलोसाठी व्यापाऱ्याशी भांडण्यात अर्थ नसतो, तसलाच हा प्रकार. अहवाल मात्र ६.२ आणि ५.८ यांच्यावरून 'प्रबळ' आणि 'मध्यम' अशी रंगीत पट्टी ओढून मोकळा होतो.

एक उत्तरपत्रिका जवळून पाहू. ५० विधानं, दर गुणाला १०, प्रत्येकाला १ ते ५ अशी पट्टी. दहातली पाच सरळ आणि पाच उलटी, म्हणजे 'सहमत' म्हटलं की तो गुण कमी ठरतो अशी. उलट्या विधानाचे गुण मोजताना मुलानं दिलेला आकडा ६ मधून वजा करायचा, म्हणजे ५ चा १ होतो आणि २ चे ४. आता कंटाळलेल्या पोरानं वरपासून खालपर्यंत मधला गोल, ३, काळा केला. प्रत्येक गुणात त्याची बेरीज आली ३०. दुसऱ्यानं 'सरांना बरं वाटावं' म्हणून सगळीकडे ५ केलं. त्याचीही बेरीज ३०, कारण सरळ पाच विधानांचे २५ आणि उलट्या पाचांचे ५. दोघांनी वाचलं काहीच नाही. पण गंमत पुढे आहे. समजा, ज्या प्रमाणगटाशी, म्हणजे आधी हीच चाचणी दिलेल्या मुलांच्या गटाशी, तुलना करायची त्याची मनमिळाऊपणातली सरासरी ३९ आणि विचलन ५ आहे, तर या ३० चा स्टेन येतो जेमतेम २. भावनिक स्थैर्याची सरासरी २९ आणि विचलन ७ असेल तर त्याच ३० चा स्टेन होतो ६. आणि अहवाल छापतो: 'सहकार्याची वृत्ती कमी, मन स्थिर, एकट्यानं करायच्या कामात यश.' न वाचता काळ्या केलेल्या कागदातून एक आख्खा माणूस तयार! सॉफ्टवेअरला हे कळत नाही असं नाही. एकसारखी उत्तरं पकडणारी तपासणी त्यात सहज घालता येते, पण बऱ्याच पॅकेजांत ती नसते. कारण तपासणी घातली की दर वर्गात काही अहवाल 'अवैध' म्हणून परत द्यावे लागतात, आणि अवैध अहवालाचे पैसे कोण देणार?

शाळेला हे स्वतःही तपासता येतं. उत्तरपत्रिका कंपनीकडे जाण्याआधी चाळा. सलग १० पेक्षा जास्त गोल एकाच रकान्यात असतील, पाचाहून जास्त प्रश्न कोरे असतील, किंवा मुलानं ५० विधानं पाच-सहा मिनिटांत संपवली असतील, तर ती पत्रिका बाजूला ठेवा. नववीचं मूल विधान वाचून, समजून, विचार करून उत्तर देतं तेव्हा मराठी माध्यमातही २० ते २५ मिनिटं सहज जातात.

भाषेचा भाग सगळ्यांत कच्चा. या पुस्तिका बहुतेक वेळा इंग्रजीवरून आलेल्या असतात आणि मराठी अशी की पुण्यातल्या पोरानंही डोकं खाजवावं. 'मी अमूर्त संकल्पनांवर चिंतन करण्यात रमतो.' दारव्ह्याच्या किंवा धारणीच्या वर्गात हे वाचलं की पहिल्या बाकावरून हात वर येतो, 'सर, अमूर्त म्हणजे का जी?' आणि सर आपल्या परीनं काहीतरी सांगतात. त्या क्षणी त्या विधानाची चाचणी संपते, कारण शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी वेगळं सांगितलेलं असतं. तेच विधान 'एखादी गोष्ट अशी का होते, याचा मी बराच वेळ विचार करत बसतो' असं लिहिलं तर समजावून सांगायची पाळी येत नाही. दुसरी खोड दुहेरी नकाराची: 'मी क्वचितच काम अपूर्ण ठेवत नाही.' याला सहमत म्हणावं की असहमत, हे लिहिणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागेल. उलटं विधान हवं असेल तर 'हातात घेतलेलं काम माझ्याकडून बरेचदा अर्धवट राहतं' हे साधं वाक्य पुरतं.

त्याहून अवघड ती विधानं, ज्यांची मराठी चांगली आहे पण प्रसंग इथले नाहीत. 'पार्टीत मी अनोळखी लोकांशी सहज बोलतो.' खेड्यात अनोळखी माणूस भेटतो तो बसस्टँडवर, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत. 'मला एकटीनं प्रवास करायला आवडतं' याला मुलीनं 'नाही' म्हटलं तर तो अंतर्मुखपणा समजायचा की घरून परवानगी नाही असं? 'मला यंत्रं दुरुस्त करायला आवडतं' या विधानावर फवारणी पंपाचा वॉशर बदलणारा मुलगा ५ देतो. त्याच घरातल्या, तितक्याच कसबी हाताच्या पोरीला पान्याला हात लावू दिलेला नसतो, ती २ देते. निकालात तिची यांत्रिक आवड कमी दिसते. आवड कमी नसते, संधी कमी मिळालेली असते, आणि समुपदेशकानं विचारलं नाही तर कागदावर हे कधीच येत नाही. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलणारी मुलं आश्रमशाळांत आहेत. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीतली पुस्तिका ही आधी वाचनाची परीक्षा होते आणि मग व्यक्तिमत्त्वाची. अशा वर्गात चाचणी घेण्यापूर्वी त्याच वयाच्या आठ-दहा मुलांना विधानं मोठ्यानं वाचायला लावून 'तुझ्या शब्दांत सांग' एवढं करून पाहावं. निम्म्यांना जे सांगता येत नाही ते विधान बदला किंवा काढा. काढलेल्या विधानांमुळे कंपनीचा प्रमाणगट लागू राहत नाही हे खरं. पण तो प्रमाणगट महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा असेल तर तो तसाही इथे लागू नव्हता.

विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: तांत्रिक पुस्तिका, म्हणजे मॅन्युअल, आहे का? त्यात प्रमाणगटाचं वय, माध्यम, शहर की खेडं आणि मुलांची संख्या दिलेली असते. प्रत्येक गुणाची विश्वसनीयता वेगळी दिलेली असते, ०.७० च्या खाली असेल तर त्या गुणावर एका मुलाबद्दल बोलू नये. 'आमची चाचणी परदेशी विद्यापीठानं मान्य केली आहे' हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

चार इंग्रजी अक्षरांत माणूस बसवणाऱ्या सोळा प्रकारांच्या चाचण्याही आता शाळांत येतात, मूळ एमबीटीआयच्या धर्तीवरच्या. अडचण अशी की बहुतेक माणसं कोणत्याही गुणाच्या मध्याजवळ असतात, आणि ही पद्धत मध्यावर रेघ मारून एकाला या बाजूला, दुसऱ्याला त्या बाजूला टाकते. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. मूळ चाचणीचे प्रकाशकच सांगतात की नोकरभरतीच्या निवडीसाठी ती वापरू नये. पंधरा वर्षांच्या पोराच्या शाखेसाठी तर नाहीच नाही. गप्पांना विषय म्हणून ठीक.

बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्तेचे प्रकार सांगणाऱ्या डीएमआयटीवर फार शब्द घालवत नाही. तिला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही तसं जाहीरपणे म्हटलं आहे. पॅकेजमध्ये स्कॅनर दिसला की विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

चाचणी घेण्याचा दिवस कसा असावा, यात थोडं थांबायला हवं, कारण इथे चुका शाळेच्या बाजूनं होतात. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची सोंगणी, त्यामागे कापूस वेचणी, आणि मोठ्या वर्गांतली निम्मी मुलं वावरात. ज्या दिवशी पट भरत नाही त्या दिवशी चाचणी घेतली तर घरच्या कामाला जाणारी मुलंच नेमकी सुटतात, आणि मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते. जुलैचा उत्तरार्ध ते पोळ्याआधीचे दिवस बरे, नाहीतर डिसेंबर. वर्ग नववीचा घ्या. दहावीत जानेवारीनंतर मूल तोंडी, प्रात्यक्षिक आणि सराव परीक्षांत असतं, आणि अहवाल आला तरी त्यावर काही करायला वेळ उरत नाही.

सकाळचे पहिले दोन तास. एका खोलीत ३० पेक्षा जास्त मुलं नकोत, बाकावर एक. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: 'यात बरोबर-चूक नाही. गुणपत्रिकेत याचा काही संबंध नाही.' हे सांगितलं नाही तर मुलं परीक्षा समजतात आणि हुशार मुलाच्या पत्रिकेत डोकावतात. अख्ख्या रांगेचं व्यक्तिमत्त्व एकसारखं निघालेलं आढळलं तर कारण बहुधा हेच. वर्गशिक्षक खोलीत असावेत पण बाकांमधून फिरू नयेत. 'मी शिक्षकांचं न ऐकता स्वतःच्या मनानं वागतो' या विधानाजवळ सरांची सावली पडली की उत्तर बदलतं.

मोबाइलवरची लिंक खेड्यात शक्यतो टाळा. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, ओटीपी त्यावर येतो आणि बाप वावरात. मग कोणीतरी एकाच फोनवर पाच जणांची चाचणी उरकतो. त्यात मध्येच नेटवर्क गेलं की काही ॲप पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू होतात, आणि दुसऱ्यांदा मूल वाचत नाही, नुसतं दाबत जातं. कागदी उत्तरपत्रिका बरी, फक्त पेन्सिल एचबीची आणि खोडरबर चांगला हवा. अर्धवट खोडलेला गोल स्कॅनर दोन उत्तरं म्हणून वाचतो आणि ते विधान रद्द करतो.

अहवालाबद्दल. पहिल्या पानांवरचं वर्णन वाचून पालक खूश होतात: 'तुमचं मूल संवेदनशील आहे, पण कधी कधी स्वतःवर शंका घेतं, योग्य वातावरण मिळालं तर खूप पुढे जाईल.' हे कोणत्या मुलाला लागू नाही? बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना चाचणीनंतर एकच वर्णन वाटलं, प्रत्येकाला 'हे तुझं' म्हणून. किती जुळलं ते ५ पैकी सांगा म्हटल्यावर सरासरी आली ४.२६. अहवाल पारखायची सोपी युक्ती यातूनच मिळते. दोन मुलांचे अहवाल नावं झाकून अदलाबदल करा आणि त्यांच्या वर्गशिक्षकांना ओळखायला सांगा. ओळखता आले नाहीत तर तो कागद सगळ्यांचाच आहे.

आणि ते शेवटचं पान. त्यावर एथिकल हॅकर, इव्हेंट मॅनेजर, मरीन बायोलॉजिस्ट, फॅशन स्टायलिस्ट असली यादी असते. समुद्र इथून किती लांब आहे ते सोडा. या यादीत पुढची पायरी नसते. वाशीमच्या मुलानं दहावीनंतर मरीन बायोलॉजिस्ट व्हायला सोमवारी सकाळी नेमकं कुठे जायचं? उलट जे दाराशी आहे ते यादीत नसतं. आयटीआयचा वेल्डर १ वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन २ वर्षांचे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नर्सिंगमधलं एएनएम २ वर्षं, जीएनएम ३. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखालच्या कृषी पदविका, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालची पशुसंवर्धनाची पदविका, चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र. कोराडी-चंद्रपूरची वीज केंद्रं, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, गावोगावच्या जिनिंग, वरूड-मोर्शीची संत्री, यांना लागणारे हात आणि डोकी कोणत्या शिक्षणातून येतात, हे अहवालात असायला हवं.

वर्दीचंच घ्या, कारण खेड्यातल्या वर्गात पोरा-पोरींचे हात तिथे सर्वांत जास्त वर येतात. अहवाल म्हणतो 'साहस ८, गणवेशधारी सेवेस योग्य.' पोलीस भरतीत मात्र उंची मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर लागते, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. वनरक्षकाला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय लागतो, म्हणजे कला शाखेत भूगोल ठेवला तरी दार उघडं राहतं, आणि विषय निवडताना हे कोणी सांगितलं नाही तर दोन वर्षांनी अर्ज भरताना कळतं. 'साहस ८' पेक्षा ही एक ओळ मुलाच्या जास्त कामाची.

समुपदेशनाचा हिशेब एकदा कागदावर करा. एका मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना मिळून निदान २५ मिनिटं लागतात: ५ अहवाल समजावायला, १० मुलाचं ऐकायला, १० वाटा आणि खर्च बोलायला. वर्गात ४० मुलं असतील तर १००० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेसतरा तास. रोज पाच-साडेपाच तास धरले तर तीन दिवसांहून थोडं जास्त. 'आम्ही एका दिवसात शाळा पूर्ण करतो' असं सांगणारा समुपदेशन करत नाही, सभागृहात भाषण देऊन अहवाल वाटतो. भाषणाला हरकत नाही, पण त्याचा दर वेगळा लावा.

येणाऱ्या माणसाचं शिक्षण विचारा: मानसशास्त्रात एम. ए. आहे का, समुपदेशनाची पदविका आहे का, की कंपनीनं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन पाठवलंय. त्याला महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर कोणकोणते अर्ज असतात, जातवैधता प्रमाणपत्राची तयारी कधी सुरू करायची, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठीची स्वयं योजना यांत फरक काय, हे माहीत असावं. बापाचा खरा प्रश्न 'पोरगं अंतर्मुख आहे का' हा नसतो. 'अमरावतीला ठेवायचं तर महिन्याला किती लागतील आणि त्यातलं सरकार किती देतं' हा असतो. याचं उत्तर देता न येणारा समुपदेशक कितीही गोड बोलला तरी अर्धाच.

आणखी एक बाब, जिच्याकडे पॅकेज विकणारे काणाडोळा करतात. भावनिक स्थैर्याच्या विधानांत 'मला वारंवार उदास वाटतं', 'काहीच नको असं वाटतं' अशी विधानं असतात. कर्ज आणि नापिकीनं आधीच खचलेली घरं ज्या भागात आहेत, तिथे एखादं मूल त्यावर ५ देतं तेव्हा तो आकडा तीन आठवड्यांनी रंगीत पट्टीत येऊन उपयोग नाही. अशी विधानं असतील तर त्या पत्रिका त्याच दिवशी कोणीतरी जबाबदार माणसानं पाहाव्यात, मुलाशी एकट्यानं आणि शांतपणे बोलावं, पालकांना आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला कळवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो फळ्यावर लिहिलेला असावा. ही तयारी नसेल तर ती विधानं चाचणीतून काढा.

माहितीच्या गोपनीयतेचं पान करारात बहुधा नसतंच. अर्जावर बापाचा मोबाइल क्रमांक, जात, उत्पन्न आणि गुण भरून घेतात, आणि निकालाआधीच नागपूरच्या कोचिंग क्लासचे फोन सुरू होतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांवर रोखलेली जाहिरात चालत नाही. शाळेचा ठराव म्हणजे पालकांची संमती नव्हे. आश्रमशाळेत पालक लांब असतात, म्हणून संमतीचा कागद सुटीत घरी जाताना मुलाबरोबर पाठवावा, मराठीत, एका पानाचा, अंगठ्याला जागा ठेवून.

पैसे न घालता काय होऊ शकतं? बरंच. क्षमता पाहायला एनसीईआरटी आणि सीबीएसईची तमन्ना ही चाचणी नववी-दहावीसाठी आहे; तिच्यात भाषिक, अंकगणिती, अवकाशीय, यांत्रिक वगैरे ७ उपचाचण्या आहेत, आणि ती व्यक्तिमत्त्वाच्या भानगडीत पडत नाही. राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीची कल चाचणी घेतली. ती आवडीची होती, ७ क्षेत्रं सांगायची, पुढे तिला अभिक्षमतेची जोड मिळाली. तिच्यातली एक गोष्ट या रंगीत अहवालांपेक्षा सरस होती: कृषी आणि तांत्रिक ही क्षेत्रं वैद्यकीयच्या बरोबरीनं, एकाच ओळीत उभी होती. आवडीसाठी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडनं पाडलेल्या आवडींच्या सहा गटांवरची ओ-नेटची ६० विधानांची प्रश्नावली मोफत आहे, अमेरिकेच्या कामगार खात्याची. मात्र ती इंग्रजीत आहे आणि तिच्यापुढची व्यवसायांची यादी अमेरिकेची; विधानं इथल्या कामांत बसवावी लागतील आणि यादी सरळ बाजूला ठेवावी लागेल. आयपीआयपी नावाच्या संग्रहातली बिग फाइव्हची ५० विधानं कोणाचीही परवानगी न घेता वापरता आणि भाषांतरित करता येतात. मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून आठवडाभर बसलं तर पुस्तिका आणि गुणांकनाची एक्सेल फाइल शाळेतच होते. प्रमाणगट नसल्यामुळे यावरून आकडे सांगू नयेत. 'तू इथे ५ का दिलंस?' एवढं विचारायला ते कागद पुरतात, आणि निम्मं समुपदेशन त्या प्रश्नातच होतं. पुण्याला ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागासारख्या जुन्या, मराठीत काम केलेल्या संस्था आहेत, पण पुसदच्या मुलाला घेऊन पालकानं पुणं गाठायचं म्हणजे भाडं, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. ज्यांना परवडतं त्यांनी जावं.

तरीही पॅकेज घ्यायचं ठरलं तर खरेदी आदेशात या अटी लिहून घ्या. मॅन्युअलची प्रत आधी. पुस्तिकेचा नमुना दहा मुलांवर वाचून पाहायची मुभा. एकसारख्या उत्तरांच्या पत्रिकांचा अहवाल न छापता त्या मुलांची चाचणी पुन्हा, त्याच दरात. अहवालात आकड्याबरोबर मापनातल्या चुकीची मर्यादा दाखवलेली, आणि करिअरची यादी नको किंवा असली तर प्रत्येक नावापुढे दहावीनंतरची पायरी, वर्षं आणि जिल्ह्यातली किंवा विभागातली संस्था. दर मुलामागे २५ मिनिटं, पालकांसह, समुपदेशकाच्या नावानिशी. माहिती दुसऱ्या कोणालाही देणार नाही आणि वर्षानं नष्ट करू, असं लेखी. निम्मे पैसे चाचणीच्या दिवशी. उरलेले, समुपदेशनाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलासमोर तारीख, वेळ आणि पालकाची सही किंवा अंगठा आल्यावर.